जिन्यावरचा दिवा

हिरेमठ सरांनी फळ्यावर लिहिलं:
सतरा, चार, नऊ, चार, सतरा.
सगळ्यांना जोडीदार आहे, एकाला नाही.
"हुडका. एकाच फेरीत. आणि वही काढायची नाही."

उद्यमबागेतून वडगावात उतरेपर्यंत
मी एकेकाला धरून बाकी सगळ्यांना विचारत होते,
हा तुझा का, हा तुझा का,
लग्न जुळवणाऱ्या मावशीसारखी.
पाच आकड्यांना ते खपतं.
दहा लाखांना विचारत बसलं
की लाल अक्षरं येतात: वेळ संपली.

गल्लीत माग खटाखट चालूच.
सवयीनं पाट्या वाचत आले,
वर अंगडी, खाली दुकान,
वर हालू, खाली दूध,
एकानं दुसऱ्याला पुसत पुसत घराशी पोचले
तेव्हा डोक्यात काही उरलं नव्हतं,
नुसती भूक.

आमचा जिना भर दुपारीसुद्धा काळोखा.
बसू कळ्ळीमनीनं त्याला एक बल्ब नि दोन बटणं बसवून दिलीत.
खाली दाबलं, पेटला.
वर दाबलं, विझला.
आज कितीजण चढले, बल्बाला विचारून उपयोग नाही.
तो हिशेब ठेवत नाही.

सातव्या पायरीवर मी थांबले.

असे पाच बल्ब ओळीत लाव.
येणारा आपापली बटणं दाबत जाईल:
सतरा, पहिलं आणि शेवटचं.
चार, मधलं.
पुन्हा आला की आपलाच उजेड विझवून जाईल,
कुठल्याही क्रमानं येवो, मध्ये कुणीही घुसो.
शेवटी दुसरा आणि पाचवा जळत राहतात.
नऊ.
वही नाही. एक फेरी.

"जिन्यात काय करायलैस गं?" आई वरून.
"जोड्या पुसायलोय."
"आधी हातपाय धू."

रात्री चार ओळी लिहिल्या. दहा लाख आकडे
डोळा लवायच्या आत गेले. हिरवी खूण.

अडीचला पप्पा मागावरून आले.
खालचं बटण वाजलं,
दाराच्या फटीत उजेडाची पट्टी.
वरचं ते कधीच दाबत नाहीत.
भुवयांवर सुताची भुकटी, डोळे आधीच मिटलेले,
सरळ चटईवर.

मी कान देऊन पडले होते.
बऱ्याच वेळानं आईच्या बांगड्या हलल्या,
ती दारापर्यंत गेली.

टक्.