कल

जिल्हा परिषदेच्या फॉर्मवर शैक्षणिक पात्रता:
एम.ए. मानसशास्त्र, समुपदेशनाची एक वर्षाची पदविका.
अनुभव: सहा वर्षं, पैकी तीन कंत्राटी.
खोली: पूर्वी लेझीम ठेवायचे ती.
झाडताना अजून एखादी चकती सापडते.
दारावरच्या पाटीतला 'प' खाऱ्या वाऱ्यानं खाल्ला,
मुलं मला समुदेशक म्हणतात.

दहावीची कल चाचणी मीच घेते.
निशांत मेथरचा अहवाल आला: वाणिज्य.
त्यानं वाचला, चार घड्या केल्या.
"बाई, होडी कलली तर कल मोजूक बसतत काय?
उठान दुसऱ्या कडेक बसूचा."
मी हसले, आणि तरीही सही घेतली. नियम आहे.
त्याची आई आली, माशांची पाटी व्हरांड्यात ठेवून,
खुर्चीच्या कडेवर टेकली.
"ह्याका येड तर लागूक नाय मा?"
नाही हो, म्हटलं, फक्त वाणिज्य लागलंय.

पहिल्या दिवशी प्रत्येकाला सांगते: इथलं इथंच राहील.
या गावात, जिथं बातमी पहिल्या होडीनं जाते
आणि मी दुसरीनं.
पुढची ओळही सांगते, जरा हळू:
जिवाला धोका असेल तर नाही.
नववीतली मुलं पुढची ओळ ऐकत नाहीत.

त्यातलीच एक. नाव इथंही लिहीत नाही.
गणपतीच्या सुट्टीनंतर यायला लागली,
तीन शुक्रवार पट्टीनं टेबलाची कड खरवडत बसली.
चौथ्या शुक्रवारी बोलली.
काकाचं.
मी पाणी दिलं. मग मुख्याध्यापक, मग फोन,
मग देवगडहून जीप.
ज्या क्रमानं शिकवलं होतं त्याच क्रमानं सगळं केलं.
"तुमी सांगल्यात, हयला हयच रवतला."
एवढंच म्हणाली.
त्यानंतर माझ्याशी काही नाही.

आता ती मामाकडे असते, वाघोटनच्या खाडीपलीकडे,
म्हणून सकाळची होडी आमची एकच.
ती उजव्या फळीवर बसते, तोंड पाण्याकडे.
मी डावीकडे.
आज भरती, त्यात बाजाराच्या बायका,
दोन सिलिंडर, कुणाची तरी शेळी.
होडी माझ्या बाजूला कलली.
तांडेल म्हणाला, बाई, जरा तिकडे सरका.

तिकडे जागा होती ती तिच्याशेजारीच.
मी बसले.
ती बोलली नाही, वळली नाही.
आमच्या मधलं दप्तर तेवढं उचलून
मांडीवर घेतलं.