वाटणी

सावईवेऱ्याचं कुळागर
बापानं माडामाडाला खूण करून
सारखं वाटलं.
पाटाच्या पाण्याचेही तास ठरले.

छातीची वाटणी कुणी केली?

एकाच गोधडीत वाढलो आम्ही,
तीच धूळ, भिंतीवरली तीच बुरशी.
मला दोन शिंका.
शाणू रात्रभर उशीला टेकून बसलेला,
बरगड्यांत मांजर गुरगुरतंय तसा.

बांबोळीची डॉक्टरीण म्हणाली,
रक्तातलं एखादं अक्षर वेगळं असतं;
तेवढ्यानं दमा होतोच असं नाही,
पण त्याला वाट सोपी होते,
आणि आला की मुक्काम लांबतो.

काल शाणूची मुलगी
पोफळींखालच्या झावळ्या ओढत होती.
खोकली. एकदाच.
त्यानं खिशातला पंप चाचपला.

मी माझा श्वास
उगाच हळू घेतला.