शिकलेला

बोतोन म्हणजे बटण. नाव रेनाल्दोनं ठेवलेलं.
नऊ वर्षांचा, साडेचार किलो, एक कान कुणीतरी चावलेला,
आणि मुतायचा तो थेट माझ्या पलंगाशी,
सकाळी पहिला पाय टेकतो बरोब्बर तिथं.

पुंता अरेनासला नोव्हेंबरात वारा सुटला
की चौकात दोर बांधतात, माणसांना धरायला.
पत्र्याची छपरं रात्रभर दात खातात.
त्या वाऱ्यात चाळीस मिनिटं उभी राहिले त्याला घेऊन,
सामुद्रधुनीच्या कडेला, दिव्याच्या खांबापाशी,
माझ्या डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी,
आणि ज्याच्याकडून हवं त्याच्याकडून थेंब नाही.
घरी आलो. मी कोटाची बटणं सोडेपर्यंत
यानं दाराआड काम उरकलं
आणि वर पाहिलं, पावती मागितल्यासारखं.

शेजारची ओदिलिया म्हणाली, नाक घास त्यात.
नाही घासलं. त्यात माझा मोठेपणा काही नाही.
लहानपणी माझं अंथरूण ओलं व्हायचं
आणि आई ती चादर कुंपणावर टाकायची, मुद्दाम रस्त्याच्या बाजूला.
रेनाल्दो शाळेतून आला की दप्तरासकट तिकडं वळायचा,
चादर ओढून आतल्या बाजूला टाकायचा.
एवढंच. बोलायचा काही नाही.
पुढं घराच्या वाटणीवरून
अकरा वर्षं आम्ही दोघंही बोललो नाही.

डॉक्टरबाईंनी तपासलं. खडे नाहीत, जंतू नाहीत.
पिल्लू आणलंय असं समजा, म्हणाल्या.
मग गालिचे गुंडाळून माळ्यावर,
फळ्यांच्या भेगांत व्हिनेगर,
दर दोन तासांनी गजर. खाल्लं की बाहेर, उठला की बाहेर,
मधल्या वेळात त्याची दोरी माझ्या कमरेला.
कांदा चिरताना दोघं, फोनवर दोघं,
संडासातसुद्धा दोघं.
एकसष्टाव्या वर्षी माझ्या कोटाच्या खिशाला
उकडलेल्या कलेजीचा वास.

वहीत लिहीत गेले:
आत. आत. आत. बाहेर (चुकून). आत.

सतराव्या दिवशी रेनाल्दोची खोली रिकामी करायला गेले.
तिसरा मजला, जिना शिडीसारखा उभा.
दार उघडताच बोतोननं मला ओढलं, दाराआड.
तिथं जमिनीवर वर्तमानपत्र अंथरलेलं होतं,
चारी कोपरे नीट, एका कडेला त्याच्या काठीचं टोक उमटलेलं.
तारीख ॲम्ब्युलन्स आली त्या दिवसाची.

बोतोन त्यावर चढला, दोनदा गोल फिरला, बसला.
मग वर पाहिलं.

खालच्या मजल्यावरचे दोन एवारिस्तो दारात टोपी काढून उभे होते.
म्हणाले, पाय गेल्यापासून उतरायचाच नाही तो.
पण टाळ्या यायच्या वरून,
दिवसातून तीनदा, चारदा, रात्रीसुद्धा.
आम्हाला वाटायचं, टीव्हीवर फुटबॉल बघतोय.

म्हणजे याला शिकवायचं काही राहिलंच नव्हतं.
धडा पाठ होता. फक्त
टाळ्या वाजवणारा उठून गेला होता
आणि हा दारोदार, पलंगापाशी, जिथं म्हणून माणूस सापडेल तिथं
तोच धडा पुन्हा पुन्हा म्हणून दाखवत होता.

मी टाळ्या वाजवल्या. रिकाम्या खोलीत फार मोठ्यानं वाजल्या.

रद्दी सगळी घरी आणली.
पहिले चार दिवस कागद दाराआड,
मग उंबऱ्यावर, मग पायरीवर, वर दगड,
रोज हातभर पुढं, कालाफातेच्या झुडपापर्यंत.
तिथं वाऱ्यानं दगडासकट ओढला कागद,
कुंपणावरून, ओदिलियाच्या छपरावरून, समुद्राकडं.
बोतोन पाहत राहिला तो गेला त्या दिशेला,
मग जिथं कागद होता तिथल्या गवतावर
दोनदा गोल फिरला.

हातमोज्यांत टाळी वाजत नाही. मोजे काढले.
ओदिलिया खिडकीतून बघत होती, बघू दे.

काल रात्री पुन्हा पलंगाशी.
मोजा ओला, पाय ओला, वहीत लिहिलं: आत.
मग गजर पावणेपाचाला लावला,
आणि त्याला म्हटलं, सरक.