अम्माचं नाक

अशोक चौकामागं जिथं चार माग होते
तिथं आता एक भट्टी आहे, पाच किलोची.
माग भंगारात गेले,
फरशीत त्यांच्या पायांची सोळा भोकं राहिली.
कॉफीची पोती त्यांच्यावरच ठेवतो मी.

एप्रिल. चव्वेचाळीस.
पंख्याखाली अम्मा, मांडीवर सूप.
तंबाखू सुटून अकरा वर्षं झाली, सूप तेच.
त्यात हिरवे दाणे.
किडका, फुटका, काळा,
बोटं न बघता उचलतात, बाजूला टाकतात.
"छाट," म्हणते, आणि हसते.
चाळीस वर्षं कारखान्यातला चेकर
तिच्या हजारातल्या साठ-सत्तर बिड्या काढून
तिच्यासमोर चुरडायचा.

पोत्याबरोबर आलेल्या कागदावर लिहिलंय:
जाई, मध, पीच.
"पीच म्हणजे काय रे?"
मी पण खाल्लेलं नाही.

मग तिलाच विचारतो. आधी नाक, मग चमचाभर.

इथिओपिया.
"लग्नाहून येऊन खुंटीला अडकवलेला गजरा.
दुसऱ्या दिवशीचा. ताजा नाही, तसं लिही."
मी तसं लिहितो.

केनियाला डोळा बारीक करते.
"जांभळानं जीभ जड होते ना, तसं.
वरनं कुणीतरी लिंबू पिळलंय. आगाऊपणा."

ब्राझीलला तर चिडलीच.
"एवढ्या लांबनं हे आणलंस?
उखळात शेंगा कुटताना शेवटी तेल सुटतं, तो वास.
गल्लीत मिळतो की."

सुमात्रा.
बराच वेळ कप नाकाशीच.
पंख्याचा आवाज.
"रंगाच्या हौदाजवळ ओल्या सुताच्या लडी," म्हणते,
"आणि रात्रपाळीहून आलेल्या
तुझ्या नायनाचा सदरा."
कप खाली ठेवते.
"हे नको विकू."

दुपारी विचारलं तिनं,
सिंगल ओरिजिन म्हणजे काय.
म्हटलं, एकाच डोंगरावरचं, एकाच मातीचं,
दुसरं काही मिसळलेलं नाही.
तेवढ्यात दारात शरणप्पा, दुधाची किटली.
त्याच्याशी ती कन्नडात भांडली, पाणी फार म्हणून,
मला तेलुगूत म्हणाली, पातेलं आण,
आणि पैसे मराठीत मोजले,
दोनदा.
मग परत सुपाशी बसली.
"असेल बाबा," म्हणाली. "असतं काहींचं."

चार वाजता तिनं उरलेले कप
एकाच पातेल्यात ओतले:
गजरा, जांभूळ, शेंगा.
वर दूध, मूठभर गूळ, चिमूट सुंठ.
कडक भाकरी चुरून खाल्ली त्यात.
"कसं लागतंय?"
"गरम."

सुमात्राचा कप नाही ओतला.
तो तिथंच आहे, भिंतीकडच्या भोकापाशी,
नायनाचा माग होता तिकडं.
गार झालाय केव्हाच.
तिनं त्यावर बशी झाकून ठेवलीय.