जबाब

नाव कुमुदिनी यशवंत शितोळे.
वय एकसष्ट. राहणार नवापुरा, बडोदे.
धंदा पितळी व्हॉल्व्हचे स्पिंडल, मकरपुरा,
तीन लेथ, सात माणसं, पैकी सध्या चार.
सावकाश लिहा, परमारसाहेब.
मी मराठीत बोलतेय, तुम्ही गुजरातीत उतरवताय,
मधे थोडं सांडणारच.
पेन उठत नाहीये ना? हे माझं घ्या.

होय, फळा माझाच.
शिफ्टचा फळा. एरवी त्यावर
कुणाची रजा, किती नग, कूलंट कधी बदललं.
त्या सोमवारी नग शून्य,
म्हणून जागा उरली.

मी लिहिलं:
तिकडच्यांनी कर वाढवला,
इकडच्यांनी आवाज.
मधल्यामधे माल मुंद्र्याला पडून,
नि बसला तो आमच्या मशीनचा आवाज.
एवढंच. आणि खाली,
रमणभाईंची रजा मंजूर.

फोटो मी काढला नाही.
कुणी काढला ते माहीत आहे, सांगणार नाही.
पोराचं लग्न ठरलंय.

भावना कुणाच्या दुखावल्या, ते अर्जात आहे म्हणता.
बघू नाव.
अहो, हा तर आमच्याकडून उधारीत बुशिंग नेतो!
भावना दुखायच्या आधीची
बाकी आहे त्याची, अठरा हजार चारशे.
तेही लिहा. नको? बरं.

मत विचारताय तर सांगते.
स्वदेशीला माझी ना नाही.
मी जन्मभर दुसरं काय केलं?
पण कांबीवर नवा शिक्का सक्तीचा,
शिक्का देणारी खिडकी एक,
खिडकीपुढे आठ महिने,
तोवर बाहेरची कांब बंद, इथली महाग,
आणि इथली विकणारे तिघेच.
ते तिघे कधी फळ्यावर लिहीत नाहीत.
त्यांना फोन आहे.

नाही, मी विरोधी पक्षाची नाही.
विरोधी पक्ष आमच्या शेडमध्ये आला होता एकदा,
पंख्याखाली बसला, सरबत प्यायला,
पितळ आणि तांबं यांतला फरक विचारून गेला.
मत मी नेहमी देते. कुणाला, ते नका विचारू,
मलाच आता नीट सांगता येणार नाही.
मी डावखुरी आहे. शाई लावतात ते बोट
आणि खडू धरते ते बोट
एकच.
एका कामाचे तुम्ही आभार मानता,
दुसऱ्याला समन्स.

कलम कोणतं म्हणून विचारलं, तर पानं उलटताय.
जुना नंबर गेला, नवा पाठ नाही?
असू द्या. नवं मायक्रोमीटर आलं की
आम्हीही आठवडाभर चुकतो.
फक्त आमच्या चुकीने नग भंगारात जातो,
माणूस नाही.

काल कालाघोड्याच्या पुलावर रिक्षा अडली.
खाली विश्वामित्रीच्या काठाला मगर,
जबडा उघडा टाकून पडलेली.
पुरात ती गल्लीत शिरते,
तर पोरं दोरी घेऊन धावतात,
तिच्या तोंडावर ओलं पोतं टाकतात,
रात्री दोन वाजता टेम्पोने
अलगद नदीत नेऊन सोडतात.
कायदाच आहे तसा. चांगला कायदा आहे.
मी कुठल्या अनुसूचीत येते, जरा बघाल?

हसलात. ते नका लिहू,
तुम्हाला त्रास होईल.

फळा पुसायचा?
मंगळवारीच पुसला, रमणभाईंनी, ओल्या चिंधीने.
दुपारी वाळला तेव्हा
अर्धा 'आवाज' अजून दिसत होता.
त्यावरच मग लिहिलं, नग चाळीस.
कोइम्बतूरची छोटी ऑर्डर आहे. मिळते मजुरी.

सही कुठे? इथे?
थांबा, हे काय लिहिलंय?
गुजराती वाचता येतं मला, शाळा इथलीच.
'राजीखुशीने' खोडा आधी.
हं. आता करते.

आणि साहेब,
माझं पेन.