सुनावणीच्या आदल्या रात्री

भिंतींना कान असतात म्हणतात.
मग ऐक.
उद्या सकाळी सव्वादहाला, कौंटीच्या कचेरीत,
तीन अनोळखी माणसांसमोर
मी तुझी निंदा करणार आहे.

एप्रिलमध्ये पाकीट आलं.
तुझी किंमत: चार लाख बारा हजार.
चष्मा पुसून पुन्हा वाचलं.
रेफूहियोनं तुला अकरा हजारांत घेतलं होतं,
तेही हप्त्यांनी,
शेवटचा हप्ता फेडला त्या दिवशी आम्ही
ओसरीवर बसून एक अख्खं कलिंगड संपवलं.
तू काही बदललं नाहीस.
बदललं ते कुंपणापलीकडे:
बालदेरासांचं घर पाडून उभी राहिलेली काचेची पेटी,
गच्चीवर निळे दिवे,
आत दिवसभर एकटा कुत्रा.
तिची किंमत तुला लागली,
शेजारच्या पोराच्या कांजिण्या लागाव्यात तशी.

मारिसेलानं पढवलंय,
पुतणी, बँकेत असते, बोलते भराभर:
तिया, रडायचं नाही.
कर परवडत नाही हे म्हणायचंच नाही,
दर ठरवणारे वेगळे, हे फक्त किंमत ठरवतात.
घर किती वाईट आहे, तेवढंच बोल.
आणि पासष्टीनंतरच्या सवलतीचा फॉर्म
काकांनी का नाही भरला कधी?
(उपकार नकोत, म्हणायचे.
मी उद्या भरणार आहे. तो नाहीये अडवायला.)

तर फोटो काढले.
स्वयंपाकघरातली भेग, शेजारी नाणं ठेवून.
खचलेला पाया, पोपडे, छताचा तो पिवळा डाग
ज्याला मुलं घोडा म्हणायची.
बावन्न वर्षं पाहुण्यांपासून जे लपवलं
पडद्यामागे, कॅलेंडरमागे,
ते सगळं रंगीत छापून घेतलंय.
तीन प्रती.

आणि एक राहिलं.
त्यांच्या नोंदीत लिहिलंय: स्नानगृहं दोन, पूर्ण.
मारिसेला टाळी वाजवून म्हणाली, हा आपला हुकमाचा एक्का!

दुसरं कुठलं, ते तुला माहीत आहे.
त्यानं परवाना काढला, तीन भिंती उभ्या केल्या,
पाडलेल्या हॉटेलातला टब आणला चार माणसांनी उचलून.
मग त्याची पाठ गेली. मग तो.
टबात आता पुदिना आहे.
पण कचेरीत कुणीतरी खूण केली होती: पूर्ण.
म्हणजे तीस वर्षं कुठल्याशा कपाटात
फरशी बसली होती, नळाला पाणी होतं,
आणि रेफूहियो हात धुऊन
शिट्टी वाजवत बाहेर आला होता.
त्या पाण्याचा कर मी भरत होते,
नकळत.

•

झालं.
पंधरा मिनिटं.
त्यांचा माणूस ह्रुस्का, सभ्य, सर्दी झालेला,
काचेच्या पेटीचे आकडे वाचत होता.
मधल्या बाईंनी विचारलं,
दुसरं स्नानगृह वापरता येतं का, मॅडम?
म्हटलं, त्यात पुदिना येतो.
डावीकडचा हसला.
बाईंनी नाही हसून घेतलं. पेन उचललं,
आणि एक शब्द खोडला.
मी तिथेच बसून पाहिलं.

एकेचाळीस हजार उतरले.
मारिसेलानं जिन्यातच मिठी मारली,
वर्षाचे नऊशे तरी वाचतील, तिया,
हे टॅको माझ्याकडून.
मी खाल्ले. भूक होती.

संध्याकाळी घरी आले तर दार अडकलं.
तसं ते दर उन्हाळ्यात फुगतं,
पण आज मला वाटलं,
तू ऐकलंस सगळं.
खांदा लावला.
अगं, नऊशे डॉलर, म्हटलं,
तुझ्या छताचंच काम करून घेईन,
डाग जाईल.

मग आठवलं, पुढच्या एप्रिलला
तो डाग लागेल.

पुदिन्याला पाणी घातलं,
टबाची बुच्ची निघालेली, पाणी खालून मातीत जातं.
ते एक त्यानं बरोबर बसवलं होतं, उतार.