उमा काझा

जळगावच्या डाळमिलमध्ये सतरा वर्षं मी गोण्या मोजल्या.
मग शेठ म्हणाले, निकुंभभाऊ,
तूर आता मोझांबिकहून येणार,
तिकडच्या पत्रांना तुम्ही उत्तरं द्या.
म्हणून बावन्नाव्या वर्षी, वहीला खाकी कव्हर घालून,
दर रविवारी पॅसेंजरने भुसावळ,
रेल्वे दवाखान्यातून रिटायर झालेल्या
फिलोमिनाबाईंच्या ओट्यावर.

पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या,
ह्या भाषेत नाम एकटं फिरत नाही.
दार असो, दगड असो,
पुढे चोपदार चालतो.
ओळखीचं असेल तर ओ किंवा आ.
(ओ लिहायचं, म्हणताना उ. ओ म्हणू नका, हसतील.)
अनोळखी असेल तर उं, नाहीतर उमा.

माझं पेन थांबलं.
उमा?
हो, उमा. कुणीतरी एक. स्त्रीलिंगी.

आमच्या घरात उमा एकच.
सव्वीस वर्षांत तिला मी नावाने हाक मारलेली नाही.
अगं म्हणतो, ऐकलं का म्हणतो,
मिलमध्ये तिचा फोन आला तर ‘घरून आहे’.
उखाण्यात तेवढं एकदा घेतलं होतं,
तेही घाईघाईत, मान खाली घालून.

सोमवारी रात्री पाठांतराला बसलो.
उमा काझा. एक घर.
आतून आवाज आला, ओ!
उमा पोर्ता. एक दार.
ओ! येस ना!
उमा मेझा, उमा पानेला, उमा कादेइरा,
टेबल, पातेलं, खुर्ची,
आणि पिठाचे हात तसेच घेऊन ती उंबऱ्यात.
तव्यावर कळण्याची भाकरी.
‘काय व्हयनं तुम्हले आज? लोके काय म्हनतीन?’

मी वही पुढे केली.
यू, एम, ए, तिने बोट ठेवून लावलं.
‘मंग मी इंग्रजीमा बी शे!’
पोर्तुगीज, मी म्हटलं.
‘अर्थ काय शे?’
सांगितला.
ती भाकरी उलटायला गेली.
कुणीतरी एक, ती तव्याला म्हणाली. बरं.

श्रावणात मी नांपुलाला पत्र धाडलं:
उं कंटेनर पोचला नाही.
उलट टपाली, कुठला?
आम्ही चार पाठवलेत.
शेठ आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत.
एका अक्षरापायी चोवीस टन तूर
कुठल्यातरी धक्क्यावर कुणाचीच नसल्यासारखी पडून.

त्यांच्याकडे ‘ते’ नाही.
तूर आपल्याकडे ती, तिकडे तो,
पण ते कुणीच नाही.
फिलोमिनाबाई म्हणाल्या, कशाला लागतं तुम्हाला ते?
लेकरू म्हणायला, मी म्हटलं.
तुम्हाला किती, त्यांनी विचारलं,
मग स्वतःच उठल्या, कोकमचं सरबत आणायला.
ओट्यासमोरून एक मालगाडी गेली. बरीच लांब होती.

परत आल्या तेव्हा नवा धडा काढला.
माणसाच्या नावापुढेही चोपदार चालतो,
माणूस घरचं असेल तर.
तुम्ही नाही का ‘आपला’ लावत?
आपला बापू, आपली शेवंता.
मी समासात लिहून घेतलं: आ उमा.
त्यावर पाणी सांडलं, शाई पसरली,
तरी वाचता येत होतं.

रात्री नेहमीच्या जागी बसून म्हटलं,
आ उमा.
आतून काही नाही.
आता तिला सवय झालीय,
तिच्या लेखी हा धडाच.
पुन्हा म्हटलं. लसणाची फोडणी चरचरली.
मग वही मिटली, चष्मा काढला,
आणि आ सुद्धा न लावता,
उघडंच, चोपदाराशिवाय,
उमा.

भांड्यांचा आवाज थांबला.
मग ओ आली,
फिलोमिनाबाईंनी लाल पेनने खोडली असती
अशी ओ.